तात्यांची पाणीपाळी

आमच्या कॉलनीत माणूस आजारी पडला तर शेजारी फोन करून विचारतात. कुंडी आजारी पडली की तात्या स्वतः येतात. बोलवावं लागत नाही. येताजाता कंपाउंडवरून त्यांना पिवळं पान दिसतं आणि पाच मिनिटांत फाटकाची कडी वाजते. पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, हातात खराट्याची एक काडी आणि चेहऱ्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसाचा भाव. झालं ते वाईट झालं, पण भरपाईचं आत्ताच काही सांगता येणार नाही.

माझा मनीप्लांट त्यांच्या नजरेला पडला तो फेब्रुवारीच्या शेवटी. मी शाळेतून येऊन चपला काढतेय तोवर तात्या ओट्यावर, कुंडीसमोर उकिडवे बसलेले.

"बाई, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मान टाकून. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवायचं असतं."

ही अट पीकविम्याची. आमच्या बीड जिल्ह्यात पोरांना पाढे यायच्या आधी ती पाठ होते. मी म्हटलं, "आठवडा झाला असेल." तात्यांनी खिशातून डायरी काढून 'उशिरा सूचना' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मनीप्लांटची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. तो विकत आणलेला फळत नाही, मागून आणलेला तर नाहीच नाही, चोरूनच आणावा लागतो, हे आमच्याकडं सर्वमान्य आहे. म्हणून मी तो एका कचेरीच्या जिन्यातून वीतभर फांदी मोडून पर्समध्ये घालून आणला होता. कचेरीचं नाव सांगत नाही, तिथं माझी एक फाईल अजून अडकलेली आहे. वेल छान लागला. दोन वर्षं खिडकीच्या गजांवरून फिरला आणि यंदा अचानक त्याची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली. जी हिरवी राहिली ती उन्हातून आलेल्या पोरांसारखी मलूल. हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. चहूबाजूंनी समुद्र असलेलं गाव सोडून तो बिचारा बीडला आला. त्याला पाण्याची ददात पडू नये एवढीच आमच्या घराची भावना होती.

तात्यांनी नेमकं त्याच भावनेला हात घातला.

"पाणी कोण घालतं?"

"मीच. सकाळी शाळेत जाताना."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही."

तात्या काही बोलले नाहीत. नुसते दाराकडं बघत बसले. साक्षीदार आपोआप पुढं येतो, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आल्या. "देवाच्या तांब्यातलं उरलेलं मी टाकते. पण ते काय पाणी असतंय व्हय? तीर्थ असतं."

"लिहून घेतलं. पुढं?"

मग आमचे हे. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी ते बादलीत धरतात आणि कुंड्यांना घालतात. हे सांगताना त्यांचा आवाज राष्ट्रीय बचतीबद्दल बोलताना असतो तसा झाला होता. मग चिरंजीव. शाळेच्या बाटलीत उरलेलं पाणी आईनं पाहिलं तर ओरडेल म्हणून रोज दुपारी कुंडीत. शेवटी कामाच्या मावशी फरशी पुसता पुसता आतूनच म्हणाल्या, "सुकल्यावानी दिसलं की मी बी घालते घोटभर. मुकं झाड हाय, मागनार कसं?"

तात्यांनी बेरीज केली. "रोजच्या पाच पाळ्या. बाई, माजलगावच्या उसाला बी कुणी इतकं देत नाही."

मग काडी. तात्यांची काडी ही कॉलनीत डॉक्टरच्या नळीपेक्षा जास्त मानली जाते. खराट्यातली नीट वाळलेली, वीत-दीड वीत लांब, गाठ नसलेली. ती त्यांनी कुंडीच्या काठाकाठानं हळूच आत सारली, तळाला टेकल्यावर दोन बोटांत गोल फिरवली, डोळे मिटून मनात दहा आकडे मोजले आणि ओढून काढली. वरचं बोटभर कोरडं. खालची चार बोटं काळी, चिकट, बुळबुळीत. ती त्यांनी नाकाशी नेली आणि मग माझ्या नाकाशी आणली. गणपती उठल्यावर आठ दिवसांनी कोपऱ्यात विसरलेली निर्माल्याची पिशवी सापडते ना, तो वास.

"वरची माती दिसती कोरडी. म्हणून प्रत्येक जण वर बघून घालतो. खाली तळं साचलंय." त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून तळ पाहिला. गृहप्रवेशाला आलेली पांढरी, सोनेरी काठाची चिनी मातीची कुंडी. "आन् हिला भोक कुठंय?"

भोक नव्हतं. शोभेच्या कुंडीला भोक पाडायचं आमच्या मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे न्हाणीला मोरी नाही, आन् दिवसातून पाच आंघोळी," असं म्हणून तात्यांनी ओट्यावर जुना पेपर अंथरला आणि माझा वेल मातीसकट उपटून त्यावर ठेवला. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. तात्यांनी एक तपकिरी मुळी दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर तिची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. खाली चाचपडत चाचपडत त्यांना तीन मुळ्या पांढऱ्या आणि टणक सापडल्या. त्या त्यांनी बाजूला केल्या, बाकीच्या दाढीच्या ब्लेडनं कापून टाकल्या आणि निकाल दिला. "आणेवारी पन्नास पैशांच्या आत. दुष्काळ जाहीर करायला हरकत नाही."

"दुष्काळ? तात्या, पाणी तर जास्त झालंय म्हणता."

"तेच तर. हा ओला दुष्काळ."

आता तात्या कोण हे सांगते. तात्या हे पाटबंधाऱ्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. पैठणचं पाणी उजव्या कालव्यानं माजलगावच्या धरणात येतं आणि सिंदफणेवरच्या त्या धरणातून पुढं परभणीकडं कालवा जातो. तो कालवा, त्याच्या चाऱ्या, चाऱ्यांचे मोघे, म्हणजे शेतात पाणी सोडायची तोंडं, यांच्यावर तात्यांची हयात गेली. काम काय, तर पाणी मोजून देणं. आणि नसलेलं पाणी मोजून देणं हे असलेलं देण्यापेक्षा फार अवघड, असं ते सांगतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडं 'टेल' म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याला मराठीत जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या सगळ्या तात्यांनी ऐकलेल्या आहेत, आणि त्यातल्या निवडक ते अजूनही प्रेमानं म्हणून दाखवतात.

म्हणून मुळांचं गणित त्यांनी आम्हाला त्यांच्या भाषेत सांगितलं. "बाई, मूळ म्हंजी मोघा. कालव्यात पाणी तुंबलंय, पण मोघाच गाळानं बुजला तर टेलला थेंब जात नाही. पान म्हंजी टेल. पानाला वाटतंय पाणीच सुटलं नाही. ते मान टाकतं. तुम्ही मान बघता आन् आणखी पाणी सोडता." मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, माती सतत ओली राहिली की हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात आणि गुदमरलेली मुळं सडतात, हे मी सहावीच्या वर्गात शिकवते. पण स्वतःच्या कुंडीपर्यंत ते पोचायला मोघा बुजलेला होता.

"मग द्यायचं तरी कधी?"

"वाफशावर."

वाफसा हा तात्यांचा परवलीचा शब्द. शेतकऱ्याला तो सांगावा लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर रान चिखलाचंही नाही आणि कोरडंही नाही, पाय ठेवला तर रुतत नाही, मूठभर माती दाबली तर लाडू वळतो आणि बोटानं टोकरला की फुटतो, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. वाफसा आल्याशिवाय आमच्याकडं कुणी तिफण धरत नाही. तात्यांचं म्हणणं एवढंच की कुंडी हेसुद्धा रानच आहे, फक्त सातबारा नाही.

कॉलनीतल्या बायकांनी हा वाफसा फार मनावर घेतला. परवा भाजीवाल्याकडं एक जण दुसरीला सांगत होती, "आमच्या ह्यांना जरा वाफसा येऊ दे, मग विचारते साडीचं."

तर तात्यांनी माझा वेल पेपरात गुंडाळून काखेत मारला. मी म्हटलं, "इथंच लावून द्या ना." ते म्हणाले, "इथं पाच पाटकरी आहेत. पेशंट ॲडमिट करावा लागतो." आणि मला डायरीतलं एक पान फाडून दिलं. वर लिहिलं होतं, 'नमुना नंबर ७'. हा शेतकऱ्यानं कालव्याचं पाणी मागायचा अर्ज. त्यात पिकाचं नाव मनीप्लांट, क्षेत्र एक कुंडी, आणि मागील थकबाकी या रकान्यात तात्यांनी स्वतःच 'गैरवापर' असं भरलं होतं.

त्यांच्या ओसरीला कॉलनीत आयसीयू म्हणतात. उत्तरेच्या भिंतीला लागून दोन रांगा. भिंतीकडची 'तहानलेल्यां'ची आणि अंगणाकडची 'बुडालेल्यां'ची. लांबून बघितलं तर दोन्ही रांगांतले सगळे सारखेच माना टाकून बसलेले. तात्यांचा दावा असा की जगातले निम्मे पेशंट डॉक्टरनं चुकीच्या रांगेत बसवल्यामुळं जातात. तहानलेल्यांच्या डोक्यावर सलाईनच्या रिकाम्या बाटल्या टांगलेल्या, नळीतून एकेक थेंब. दुष्काळात रस्त्याकडेची झाडं जगवायला लोकांनी ही युक्ती केली होती, तीच त्यांनी ओसरीवर आणली. संध्याकाळी पिवळा दिवा लागला की नवखा माणूस फाटकातूनच परत फिरतो.

तिथं एक पीस लिली आहे. तिच्याबद्दल तात्यांचं मत चांगलं नाही. ती दुपारी माती कोरडी झाली की अशी काही लोळण घेते की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. पाणी मिळालं की तास-दोन तासांत ताठ. "हे झाड नाही, पुढारी आहे," तात्या म्हणतात. "माणसं जमल्याशिवाय पडत नाही, आन् सरबत आल्याशिवाय उठत नाही."

दुसऱ्या रांगेत सात-आठ स्नेक प्लांट. हे नासामुळं आले. नासानं १९८९ साली घरातली झाडं बंद खोलीतली हवा कितपत शुद्ध करतात यावर अभ्यास केला होता. तो अवकाशयानासारख्या हवाबंद जागांसाठी होता. पण पुण्यातल्या भाच्यांनी तो बीडला मोबाईलवर पाठवला, आणि जिथं फाल्गुनापासून खिडक्या सताड उघड्या असतात आणि रोज टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते, तिथं घरोघर हवा शुद्ध करायला स्नेक प्लांट आले. ते महिना-महिना पाण्याशिवाय राहतात. लोकांनी त्यांना रोज घातलं. तात्या एकेकाची सडकी बुडखी कापतात आणि पुटपुटतात, "नासानं सांगितलं, म्हणून नासलं."

उपचार तसे साधेच. सडकी मुळं काढायची. मुळं कमी झाली म्हणून पानंही कमी करायची. कमावणारे दोन आणि खाणारे वीस असं घर चालत नाही. खाली भोक असलेली मातीची कुंडी, झाडाच्या मानानं लहानच. आमच्या काळ्या मातीचा सगळ्यांना अभिमान, घरच्या रानातली आणून कुंड्या भरतात. पण ती कापसाची माती कुंडीत ओली असली तर गोंद आणि वाळली तर तिला भेगा पडतात. वरून घातलेलं पाणी भेगांतून सरळ खाली बशीत येतं आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. तात्या एक वाटा काळी, एक वाटा बारीक मुरूम आणि एक वाटा कुजलेलं शेणखत घालतात. बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून मातीवर पांढरी पापडी दिसली की वरचा थर खरवडून टाकतात. आरओचं वाया जाणारं पाणी हा मुद्दा आला तेव्हा आमच्या ह्यांनी फार वाद घातला. तात्यांनी एकच विचारलं, "मशीन तुम्हाला गोड पाणी देतं. मग खारट जातं कुठं?" हे गप्प झाले. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तेच. उडून जातं ते पाणी, मागं राहतो तो क्षार, आणि तो आपण काटकसर म्हणून मोगऱ्याला घालतो.

आणि मग सावलीत ठेवून थांबायचं.

हे थांबणं लोकांना जमत नाही. दर दोन दिवसांनी कुणीतरी चौकशीला येतं आणि रिकाम्या हातानं यायचं कसं म्हणून काहीतरी घेऊन येतं. केळीच्या सालीचं पाणी. कांद्याच्या टरफलांचं पाणी. उकळलेली चहापत्ती. ताक. एकीनं तर माहेरहून आणलेला युरिया पुडीत बांधून आणला होता, भेट म्हणून. तात्या प्रत्येकीला हात जोडतात. "आयसीयूत पुरणपोळी नेता का? मुळं धरू द्या. खाणं नंतर." एका आजोबांनी फारच घाई केली, तेव्हा तात्या म्हणाले, "दादा, बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. तुमच्या वडलांनी वाट पाहिली, तुम्ही पाहिली. जास्वंदीला पंधरा दिवस द्यायला काय झालं?"

लोक का घालतात इतकं पाणी, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. कोकणातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आमच्या केज तालुक्यात, आणि ते कोरडं पडलं होतं. नळ येण्याचा दिवस इथं सणासारखा पाळतात. दसरा-दिवाळी झाली की अर्धा वर्ग रिकामा होतो, पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, आणि वस्तीवर मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना जाताना सगळ्यात शेवटी सांगितलं जातं ते तुळशीला पाणी घालायचं. अशा गावात एखादं झाड कोमेजलेलं पाहून ज्याचा हात तांब्याकडं जात नाही त्याला दगडच म्हणायचं. पाच जणांनी पाच वेळा घातलं हे खरं, पण पाचही जण माणुसकीनंच वागले होते.

तात्यांना हे कळत नाही असं नाही. १९७२ च्या दुष्काळात ते दहा वर्षांचे. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. लाल मिलोची भाकरी, सुकडी, सगळं त्यांच्या तोंडून ऐकावं. कामावर एक रांजण होता, त्याला दोरीनं बांधलेला तांब्या, आणि शेजारी बसवलेला एक माणूस. एका खेपेला एकच तांब्या, आणि तो दोघांत. "खात्यातला माझा पहिला साहेब तो," तात्या म्हणतात. "मोजून पाणी कसं द्यावं ते त्याच्याकडं शिकलो. एकदा त्यानं माझ्या आईला अर्धा तांब्या जास्ती दिला. कामून दिला ते त्यानं सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही." पुढं काही बोलायच्या आत ते उठून पीस लिलीला रागं भरायला गेले.

निवृत्त झाले ते २०२० च्या मे महिन्यात. सगळा देश दाराआड. शाल नाही, नारळ नाही, भाषणं नाहीत. त्याच फेब्रुवारीत पालवणच्या माळावर सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं वृक्षसंमेलन भरवलं होतं आणि अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. तात्या रजा टाकून गेले होते. अध्यक्ष त्यांना फार आवडले; इतक्या वर्षांच्या नोकरीत न बोलणारा अध्यक्ष त्यांनी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की आपल्याही निरोपाला पुष्पगुच्छ नको, रोप द्यावं. रोप मिळालं. कार्यालयातला एक जण तोंडाला रुमाल बांधून आला, फाटकाबाहेर रबराच्या झाडाची कुंडी ठेवली, लांबूनच नमस्कार केला आणि गेला. बत्तीस वर्षांचा निरोप समारंभ दीड मिनिटात झाला. तात्यांनी त्या झाडाला इतकं जपलं की महिन्याभरात त्याचं शेवटचं पान गळलं. मग त्यांनी ते उपटून पाहिलं. आयसीयूचा पहिला पेशंट तो. आज ओसरीच्या छताला टेकलाय.

त्यांच्या या कीर्तीवर विश्वास नसलेली एकच व्यक्ती कॉलनीत आहे, ती म्हणजे माई, त्यांची बायको. "नोकरीत होते तवा टेलला पाणी देईनात," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, "आता कुंडीला बी देऊ देईनात." अंगणातल्या तुळशीला त्या रोज सकाळी पळीनं नाही, चांगला तांब्याभर पाणी घालतात आणि तुळस कमरेएवढी झालेली आहे. मी एकदा तात्यांना धाडस करून विचारलं. वृंदावनाला खाली मोरी आहे, दिवसभर ऊन आहे, माई मंजिऱ्या वेळेवर खुडतात म्हणून बी धरण्यात झाडाची ताकद जात नाही, अशी तीन शास्त्रीय कारणं त्यांनी दिली. मग आवाज खाली आणून चौथं दिलं. "तिथं माझी चारी पोचत नाही, बाई."

सगळे पेशंट वाचतात असं नाही. वाचलं नाही की तात्या 'गेलं' म्हणत नाहीत. 'रेफर केलं' म्हणतात. कुठं, तर मागच्या दारच्या गांडूळखताच्या खड्ड्यात.

पण तात्यांचा खरा दोष वेगळाच आहे. ते डिस्चार्ज देत नाहीत.

झाड बरं झालेलं सगळ्यांना दिसतं. नवी पानं, नवे धुमारे. मालक आनंदानं घ्यायला जातो आणि तात्या काडी फिरवत म्हणतात, "अजून वाफसा नाही." या एका वाक्यावर त्यांनी तेवीस कुंड्या अडकवून ठेवल्या आहेत. भेटायची वेळ पाच ते सहा. हात लावायचा नाही. कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांनी आपल्या अरेका पामसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून आणला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. तात्यांनी तो ठेवून घेतला आणि महिन्याभरानं उत्तर दिलं की मागितलेली माहिती 'पानां'च्या स्वरूपात असून ती जागेवर येऊन पाहता येईल. एका ताईंनी संक्रांतीचं वाण म्हणून तात्यांच्या माईंना कुंडी दिली आणि बदल्यात स्वतःची मागितली. माईंनी वाण ठेवून घेतलं.

माझा मनीप्लांट एप्रिलमध्येच बरा झाला होता. मातीच्या लहान कुंडीत, मधोमध रोवलेल्या काठीला धरून त्याला सहा नवी पानं फुटली होती, एकेक चांगलं तळहाताएवढं. मे गेला. ऊन बेचाळीसच्या वर गेलं, आयसीयूला ओलं गोणपाट लागलं. मी दर आठवड्याला पाच ते सहामध्ये जाऊन बसत होते. आत्याबाई शिरा करून पाठवायच्या, तो तात्या खायचे. मृगाचा पहिला पाऊस झाला, बिंदुसरेला थोडं पाणी आलं म्हणून अर्धं गाव पुलावर जाऊन बघून आलं, आणि त्या संध्याकाळीही तात्या म्हणाले, "अजून नाही, बाई."

त्या रात्री लाईट गेली होती. साडेअकरा वाजता मी चप्पल न घालता तात्यांच्या फाटकाशी उभी होते. शाळेतली बाई, रोज पोरांना प्रामाणिकपणावर निबंध घालणारी. कडी वाजू नये म्हणून पदरानं धरून उघडली. अंगणात ओल्या मातीचा वास. ओसरीवर अंधारात सलाईनचे थेंब टिप टिप पडत होते. दुसरी रांग, डावीकडून चौथी. मी चाचपडत पानं मोजली, सहा भरली, कुंडी उचलली.

"खालून धरा," ओसरीच्या कोपऱ्यातून आवाज आला. "काठी हलू देऊ नका."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तात्या खाटेवर बसलेले होते, पंचानं वारा घेत. किती वेळचे, कोण जाणे.

"तात्या, मी... म्हणजे उद्या सांगणारच होते..."

"दोन महिने वाट बघायलोय," तात्या म्हणाले. "मागून दिलेला फळत नाही म्हणता ना तुम्ही? मग मी देऊ कसा? न्या आता. पण माई जागी आहे, मागच्या बोळानं जा. आन् बाई..."

"हं?"

"आठ दिवस पाणी नाही. काडी घालून बघायची. खालची बोटं कोरडी निघाली तरच. सही करा इथं."

अंधारात, मांडीवर कुंडी घेऊन, मी नमुना नंबर ७ वर सही केली.

घरी येऊन कुंडी खिडकीत ठेवली आणि पाची पाटकऱ्यांना उठल्याबरोबर काय सांगायचं ते मनात पक्कं करून झोपले. सकाळी जाग आली ती तांब्याच्या आवाजानं. धावत बाहेर गेले. आत्याबाई खिडकीशी उभ्या, डोक्यावरून पदर, तांब्या अर्ध्याहून जास्त उपडा.

"आत्याबाई! आठ दिवस घालायचं नव्हतं!"

त्यांनी उरलेलं पाणीही नीट, कडेकडेनं फिरवून घातलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी माहेरहून काही शिकूनच आले नव्हते.

"साडेतीन महिन्यांनी घरी आलंय," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या घोटभर पाणी बी नको विचारायला?"